टेअर किती मोठा, एवढंच विचारलं होतं

बाबांचा खांदा दाखवून आत्ता पलासियाच्या दवाखान्यातून घरी आले आणि डोकं अजून तापलेलंच आहे. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली न धरली तोच निकाल: "टेअर आहे, ऑपरेशन करावं लागेल, बाहेर तारीख घ्या." टेअर म्हणजे खांद्याचा स्नायू हाडाला जोडणारा स्नायूबंध फाटलाय. मी विचारलं, किती मोठा? तर म्हणे, "ताई, ते आमच्यावर सोडा." का सोडू? खांदा बाबांचा आहे! 1 सेंटिमीटरच्या आत छोटा, 1 ते 3 मध्यम, 3 ते 5 मोठा, 5 च्या वर मॅसिव्ह. 1984 पासून ही मोजपट्टी आहे, सांगायला अर्धं मिनिट पुरतं! रिपोर्टमध्ये लिहिलंय, सुप्रास्पायनेटस, म्हणजे हात वर उचलणारा खांद्याचा स्नायू, पूर्ण जाडीचा फाटलाय, टोक मागे सरकलंय. किती सरकलंय? स्नायूत चरबी किती भरलीय? ही चरबी मोजायच्या गुटालिएच्या 0 ते 4 ग्रेड मग कशाला आहेत? चरबी जास्त असेल तर शिवलेलं पुन्हा फाटायची भीती वाढते आणि स्नायू काही पहिल्यासारखा होत नाही. हे कळल्याशिवाय माणसानं सही कशी करायची? टाके धरायला हाडात बसवायचे अँकर एका ओळीत की दोन, हात गळ्यात अडकवायचा पट्टा किती आठवडे, बाबा आपला हात आपण कधी उचलणार, एकाचंही उत्तर नाही. खर्चाचा कागद मात्र छापून तयार!

आणि याआधीचे ते महाशय! खांद्याला हात न लावता "फ्रोजन शोल्डर" म्हणून मोकळे झाले, शेक घ्यायला लावला. अहो, फ्रोजन शोल्डरमध्ये दुसऱ्यानं उचलला तरी हात अडतो. बाबांचा हात मी धरून नेला की पार वर जातो, सोडला की धपकन खाली पडतो. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मला दिसलं ते यांना तपासणीच्या टेबलावर दिसू नये? तेवढ्या काळात टोक आणखी मागे गेलं असेल, त्याचा जाब कोणाला विचारायचा?

"या वयात होतंच" म्हणणाऱ्यांचा तर मला मनापासून संताप येतो. स्कूटर घसरली त्या सकाळपर्यंत बाबा याच हातानं माळ्यावरचे डबे काढत होते. वय काय दुपारपर्यंत आलं? काकूंचा रोज फोन, तेल लावून मालिश करून घ्या. हाडापासून सुटलेला स्नायू तेलानं चिकटत नाही हो काकू!

उद्या फिल्म, सीडी, रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जातेय. प्रश्न कागदावर लिहिलेत. उत्तरं मिळेपर्यंत खुर्ची सोडणार नाही.