अठ्ठावीस दिवसांची नोटीस

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी घर तापवणाऱ्या रेडिएटरचा स्क्रू ढिला करून तांब्याभर पाणी बादलीत सोडलं, बॉयलरचा दाब उतरल्याची खात्री केली आणि दुरुस्तीवाल्याला फोन लावला. आदल्याच आठवड्यात तो येऊन गेला होता. तेव्हा बिघाड काहीच निघाला नव्हता. दाब कसा भरायचा ते त्याने मला शिकवलं आणि पैसे घेतले नाहीत. मी हिशेबतपासनीस आहे. लोकांच्या खोट्या पावत्या पकडण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. तीच मी, खोटा बिघाड करून, चहाचं आधण ठेवून खिडकीशी उभी.

सांगलीत माझी पत्रिका चोविसाव्या वर्षी बाहेर पडली आणि पस्तिसाव्या वर्षी परत कपाटात गेली. आधी मंगळ आडवा आला, मग शिक्षण, मग वय. ‘योग यावा लागतो’ हे इतक्या जणींनी ऐकवलं होतं की इंग्लंडात लेस्टरला आल्यावर कुणी काही विचारेना, तेव्हा हायसं वाटलं. पुढे बर्फावरून घसरून मनगट मोडलं आणि महिनाभर एका हाताने ब्रेडला लोणी लावलं, तेव्हा त्या न विचारण्याची दुसरी बाजूही कळली.

तो दुरुस्तीवाला कच्छी बोलणारा मुसलमान, विधुर. १९७२मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत युगांडा सोडायला सांगितलं, तेव्हा पाच वर्षांचा होता. लेस्टरच्या नगरपालिकेने त्या वेळी युगांडातल्या वर्तमानपत्रात चक्क जाहिरात दिली होती की आमचं शहर भरलंय, इकडे येऊ नका. त्याच्या वडिलांनी ती वाचली होती म्हणे, तरी इथेच आले.

आता आमच्या घरच्या ग्रुपबद्दल. दादाला यातलं काहीच ठाऊक नाही. तो रोज सकाळी सुप्रभाताच्या फुलांबरोबर एक इशारा पाठवतो: आपल्या मुली सांभाळा. डिसेंबर २०२२मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांसाठी समन्वय समिती काढली, तेव्हा तो खूश होता. दोन दिवसांत ‘आंतरजातीय’ शब्द वगळला गेला, ‘आंतरधर्मीय’ राहिला. त्यावरून आमचं फोनवर वाजलं. मी धर्म न बदलता लग्न करू देणाऱ्या १९५४च्या विशेष विवाह कायद्यातल्या ३० दिवसांच्या जाहीर नोटिशीवरही तोंडसुख घेतलं. दादा म्हणाला, “तुझ्या इंग्लंडातही नोटीस लावतातच की!”

लावतात. मी आता स्वतःच देऊन आले, म्हणून सांगते. २८ दिवस, नाव, वय आणि व्यवसायासकट, कुणीही वाचावी अशी. व्हिसावर असलेल्यांची मुदत ७० दिवसांपर्यंत लांबू शकते. दोघांना वेगवेगळं बसवून एकमेकांची माहिती विचारतात. घाबरून त्याने माझी म्हणून स्वतःचीच जन्मतारीख सांगितली.

म्हणजे दादाचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, आणि तो मला बरेच दिवस सलत राहिला. आपल्याकडच्या कायद्यातही हरकतीला ठरावीकच कारणं चालतात: आधीचं लग्न, वय, मानसिक असमर्थता, जवळचं नातं. धर्म त्यात नाहीच. पण आपल्याकडे ती नोटीस वाचणारा हरकत नोंदवायच्या आधी मुलीच्या बापाला फोन करतो. जानेवारी २०२१मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटलं की नोटीस जाहीर करायची की नाही हे त्या जोडप्याने ठरवावं. मला तेवढंच हवंय, सगळीकडे.

इथल्या मैत्रिणी म्हणतात, लग्न कशाला, नुसतं एकत्र राहा. इंग्लंडात कित्येकांना वाटतं की वर्षानुवर्षं एकत्र राहिलं की आपोआप नवराबायकोचे हक्क मिळतात. मिळत नाहीत, मृत्युपत्र नसेल तर वारसाहक्काने मागे राहिलेल्याच्या हाती काहीच येत नाही. या बाबतीत आपला २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मला जास्त शहाणा वाटतो. लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही तो संरक्षण देतो. आणि त्याच देशात, २७ जानेवारी २०२५पासून, उत्तराखंडात एकत्र राहणाऱ्यांनी महिन्याभरात नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद. वीस वर्षांत आपण संरक्षणावरून हजेरीवर आलो.

या सगळ्या वादात दोन्ही बाजूंच्या डोळ्यांसमोर वीस वर्षांची पोर असते. एकाला ती फसलेली दिसते, दुसऱ्याला बंडखोर. माझं काय करायचं? मला कुणी फूस लावली नाही. फसवाफसवी झाली ती मीच केली, बॉयलरचं नाव पुढे करून. घराचं कर्ज फिटलेलं, डोक्यावर चष्मा, गुडघ्यात कळ, आणि फोन वाजला की पोटात कालवतं. बंड वगैरे काही नाही, नुसती फजिती.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आमची नोटीस बघून आले. एक गृहस्थ समोर थांबलेले दिसले, पण ते शेजारची पार्किंगची सूचना वाचत होते. मी दहा मिनिटं उभी होते. कुणीही वाचली नाही, आणि मला फार एकटं वाटलं. कुणीतरी ‘कोण गं हा?’ म्हणावं असं वाटत होतं.

संध्याकाळी आत्याला फोन केला. तिने सगळं विचारलं. वय किती, दात शाबूत आहेत का, पहिली कशाने गेली, मुलं सांभाळतात का. मग नाव विचारलं. मी सांगितलं. पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

“दादाला तू नको सांगूस,” आत्या शेवटी म्हणाली. “मी बघते.”