सायेब, मोजणी हाय काय?

कोल्हापुरात ज्याला कसलाच नाद नाही, त्याच्याकडं लोक जरा काळजीनं बघतात. तालीम, फुटबॉल, कबुतरं, बैलगाडा, गेला बाजार एखादी जुनी बुलेट, काहीतरी हवंच. माझी अडचण अशी की मला नाद आहे, पण तो कुणाच्या खात्यात बसत नाही. मी उतरणाऱ्या विमानांचे आणि येणाऱ्याजाणाऱ्या मालवाहू जहाजांचे फोटो काढतो. पेठेतल्या मित्रांना हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकानं आपुलकीनं विचारलं, "आणि खायला काय असतंय तिथं?"

काही नसतं. विषय तिथंच संपतो. पन्हाळ्यावर ढग बघायला जातो म्हटलं की इथं सगळ्यांना पटतं, कारण ढगांच्या मागं झुणका-भाकर असते. पण भर दुपारी उपाशीपोटी उसाच्या बांधावर उभं राहायचं, हैदराबादहून येणाऱ्या विमानाची वाट बघायची, त्यात आपलं कुणी नसताना ते उतरलं की खूश होऊन घरी यायचं, हे सांगून पटत नाही. आई तर अजून शेजारणींना "कामासाठी जातोय" असंच सांगते. कसल्या कामासाठी, ते गुलदस्त्यात.

मुंबईच्या हौशी लोकांचा मला हेवा वाटतो. तिथं दिवसाला नऊशेच्या आसपास विमानं चढतात-उतरतात. एक हुकलं तर दीड-दोन मिनिटांत दुसरं. आमच्या उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांनी १९३९ साली सुरू केला, म्हणजे वयानं मान द्यावा असा. २०२४ च्या मार्चमध्ये नवी टर्मिनल इमारतही झाली. पण विमानं दिवसाला मोजकीच. एक हुकलं की पुढच्यासाठी घरी जाऊन जेवून, झोपून, पुन्हा यावं लागतं. आणि घरी गेल्यावर पुन्हा बाहेर पडायला सबब नवी लागते, हे निराळं.

त्यात विमान कुठून येणार ते वारा ठरवतो. विमान उतरतं ते वाऱ्याला तोंड देऊन. आमच्या धावपट्टीची दोन टोकं म्हणजे ०७ आणि २५. होकायंत्रावरचे ७० आणि २५० अंश, शेवटचा शून्य उडवून. पश्चिमेचा वारा असला की विमान तामगावच्या अंगानं, पूर्वेकडून येतं. दुपारनंतरचं ऊन त्याच्या तोंडावर असतं. तो सोन्याचा काळ. वारा फिरला की ते हायवेच्या बाजूनं शिरतं आणि मी बरोबर चुकीच्या टोकाला उभा असतो. मग मागून नुसता आवाज येतो. हवामान खात्यानंतर वाऱ्याच्या दिशेची एवढी फिकीर करणारा जिल्ह्यात मीच असेन.

मोबाइलवर विमानांचा नकाशा दिसतो, तो आधार म्हणावा तर त्याचीही गंमत आहे. त्यातली उंची समुद्रसपाटीच्या हिशोबानं असते. आणि कोल्हापूर मुळातच समुद्रसपाटीपासून जवळजवळ दोन हजार फुटांवर. त्यामुळं पडद्यावर "२२०० फूट" वाचून "अजून लांब आहे" म्हणत पाण्याची बाटली उघडावी, तर विमान डोक्यावरून चाकं काढून निघालेलं असतं. मुंबईत शिकलेली विद्या इथं दोन हजार फुटांनी हुकते.

इथं येणाऱ्यांत एटीआर जातीचं विमान मोठं गोड. दोन बाजूंना दोन पंखे, प्रत्येकाला सहा पाती. पण फोटोला ते छळतं. शटर एक हजारांश सेकंदावर ठेवलं तर विमान कोरून काढल्यासारखं स्वच्छ येतं, आणि पंखा जागच्या जागी थिजतो. असा एक फोटो मी हौसेनं सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तर खालच्या मजल्यावरच्या काकूंचा लगेच फोन. "अरे, पंखा बंद पडलाय की रे! उतरलं का नीट?" त्यांचा भाचा त्याच विमानानं येणार होता. पंखा फिरताना दिसायला हवा तर शटर सेकंदाच्या दीडशेव्या भागाच्या आसपास आणावं लागतं. विमान ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात पुढं सरकत असतं, त्याच वेगानं कॅमेरा आणि कंबर दोन्ही फिरवायचं. पंखा फिरलेला येतो, विमानही बहुतेक वेळा फिरलेलंच येतं. कंबरेचं तर विचारूच नका.

आमच्यात हंगाम ठरवतो ऊस. पावसाळा सरता सरता ऊस डोक्याच्या वर जातो आणि धावपट्टीच्या दिशेला हिरवी भिंत उभी राहते. विमान पात्यांच्या वर दिसलं न दिसलं तोच पात्यांत बुडतं. दिवाळीनंतर कारखाने पेटले, तोडकऱ्यांच्या टोळ्या आल्या, की एकेक रान मोकळं होतं आणि मला आभाळ मिळतं. साखरेचा उतारा किती पडला ही बातमी लोक पैशासाठी वाचतात. मी कुठल्या गावची तोड कुठवर आली त्यासाठी वाचतो.

खरा ताप मात्र उसाचा नाही, वाऱ्याचाही नाही. कॅमेऱ्याच्या तिवईचा आहे. विमानतळाच्या वाढीसाठी आजूबाजूच्या गावांतली जमीन गेलेली आहे, आणि पुढं कुणाची जाणार ही धास्ती प्रत्येक बांधावर आहे. अशा ठिकाणी डोक्यावर टोपी, गळ्यात पट्टा, खांद्यावर तिवई असा माणूस उभा राहिला की त्याचा अर्थ एकच निघतो. पहिल्यांदा एक सायकल थांबते. मग दोन मोटारसायकली. मग एक आबा धोतराचा सोगा सावरत रानातून येतात आणि कॅमेऱ्याच्या पुढ्यात उभं राहून विचारतात, "सायेब, मोजणी हाय काय?"

"नाही हो आबा. विमानाचे फोटो काढतोय."

"कुनासाठी?"

"माझ्यासाठी."

सगळे एकमेकांकडं बघतात. इतकं उघडउघड खोटं बोलणारा सरकारी माणूस त्यांनी पाहिलेला नसतो.

"आमचा गट जातोय काय तेवढं सांगा," दुसरा म्हणतो. "गुंठ्याला काय भाव धरलाय?" तिसरा. चौथा एवढ्यात घरी जाऊन सातबारा घेऊन येतो. मी म्हणतो, मी पतसंस्थेत नोकरीला आहे. म्हणजे तर संशय पक्काच. जमीन जायच्या आधीच कर्जाची वसुली आली, असा त्यातनं अर्थ निघतो. कॅमेऱ्यातला विमानाचा फोटो दाखवावा, तर पोरं तो बोटांनी मोठा करून विमानाच्या खाली आपलं छप्पर शोधतात. "ह्ये बगा, आमचं घर घेतलंय ह्यात!" या चौकशीत वरून विमान निघून गेलेलं असतं. एकदाही कुणी मान वर केलेली नसते. रोजचं आहे म्हणतात.

जहाजांचं मात्र शांत असतं. फारच शांत. आधी कोल्हापूरला समुद्र नाही, मध्ये अख्खा सह्याद्री आडवा. आंबा घाट उतरून, साखरपा, पाली, हातखंबा करत जयगड गाठायचं म्हणजे दीडशे किलोमीटरच्या वर प्रवास. हे घरी "जहाज बघायला जाऊ" म्हणून सांगून चालत नाही. "गणपतीपुळ्याला दर्शनाला जाऊ" म्हणावं लागतं. सासूबाईसुद्धा येतात. दर्शन, मोदक, वाळूत फेरी झाली की मी हळूच म्हणतो, "इथून जयगडचा किल्ला जवळच आहे."

बुरुजावरून शास्त्री नदीचं मुख दिसतं आणि बाहेर दूरवर मोठाली जहाजं नांगर टाकून थांबलेली असतात. बंदरालगतच्या वीजकेंद्राला कोळसा लागतो, तो त्यांतून येतो. मोठं जहाज तीनशे मीटरच्या घरात लांब. इतक्या लांबून ते एखादी रेघ ओढल्यासारखं दिसतं.

"अहो, ते हलतंय का?" बायको विचारते.

"हलेल. भरती आली की आत घेतील."

"भरती कधी आहे?"

भरती चार तासांनी असते. हे एकदम सांगायचं नसतं, तासातासानं सांगायचं असतं. तोवर मी माहिती पुरवतो. जहाजाच्या पाठीवर नावाखाली कुठल्या बंदराची नोंदणी ते लिहिलेलं असतं. बरेचदा मोन्रोव्हिया, पनामा नाहीतर माजुरो. "मोन्रोव्हिया कुठं आलं?" सासूबाई. लायबेरियात, आफ्रिकेत. "एवढ्या लांबनं आलंय बिचारं!" त्या हळहळतात. ते जहाज मोन्रोव्हियाला कधी गेलेलंही नसेल, मालक तिसऱ्याच देशातला असेल, नोंदणी तेवढी तिथली, हे सांगून मी त्यांची हळहळ वाया घालवत नाही. जहाज रिकामं असलं की उंच तरंगतं आणि खालचा तांबडा पट्टा उघडा पडतो. शिंपले-शेवाळ चिकटू नये म्हणून तिथं तांब्याचा अंश असलेला रंग देत आले आहेत. भरलेलं असलं की तो पट्टा पाण्यात जातो. किती भरायचं, त्यालाही जहाजाच्या कुशीवर रेघा मारलेल्या असतात. पूर्वी विलायतेत मालक लोक कुजकी जहाजं गच्च भरत, वर विमा उतरवत आणि खलाशांना देवाच्या हवाली करत. सॅम्युएल प्लिमसोल नावाच्या खासदारानं संसदेत आरडाओरडा करून १८७६ साली कायदा करवला. आता रेघ बुडाली की भरणं बंद. गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं म्हणून त्याची रेघ वेगळी, उन्हाळ्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी.

बायको पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "आपल्याकडच्या वडापला मारायला पाहिजे अशी रेघ." दाराला लोंबकळणारी माणसं धरून मारायची की सोडून, यावर सासूबाई आणि तिच्यात पुढचा अर्धा तास गेला. जहाजानं मला दिलेला सगळ्यात सुखाचा अर्धा तास तो. जहाज जागचं हललं नव्हतं.

फोटोत बाकी काय येतं? धूसर आभाळ, धूसर पाणी आणि मधे तपकिरी आडवी चीज. घरी पाहुण्यांना दाखवला की ते आधी फोन आडवा करतात, मग उभा. पण मी तो पुरता मोठा करतो आणि जहाजाच्या अंगावर लिहिलेला सात आकडी नंबर वाचता आला, की नाचायचं बाकी राहतं. मालक बदलो, झेंडा बदलो, नाव बदलो, तो नंबर जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. त्यावरून हे कुठल्या कारखान्यात जन्मलं इथवर काढता येतं. असल्या रात्री मी एकटाच जागा असतो.

इकडं तामगावच्या बाजूला आता माझं बस्तान जरा बसलंय. मोजणीवाले आबाच माझे खबरी झालेत. सकाळी फोन येतो, "सायेब, आज येऊ नगासा. ढग लई हाय, विमान वरच्यावर फिरून गेलं." मोबाइलच्या नकाशापेक्षा त्यांचा भरवसा जास्त. बदल्यात त्यांनी आजवर काही मागितलं नव्हतं. परवा मात्र दावणीवरची म्हैस सोडून बांधावर आणली. अंगावर पाणी मारलेलं, शिंगांना तेल. "हिच्या मागनं विमान उतरताना पायजे. फ्रेम करून सोप्यात लावायचाय."

मी अडचण सांगितली. म्हैस दहा फुटांवर, विमान पार तिकडं. भिंगातून दोन्ही एकदम स्पष्ट येत नाहीत. एक धरलं की दुसरं धुरकट होतं. कोणतं धरायचं ते आबांनीच सांगावं.

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, की पतसंस्थेत असल्या माणसाच्या हातात लोकांच्या ठेवी कशा काय देतात.

"ह्यात इचार कसला करताय? विमान दूध देतंय व्हय?"