नवऱ्याचा पगार आणि बायकोचा बेरोजगारी भत्ता

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात एकच मेसेज तीनदा फिरून आला. मजकूर असा: "सावधान! नोकरी गेली म्हणून ईएसआयचा बेरोजगारी भत्ता मागायला जाऊ नका. नवरा कमावता असेल तर बायकोला एक पैसा मिळत नाही. कंपनीच्या सहीशिवाय अर्ज घेत नाहीत. लपवून घेतलाच तर नवऱ्याच्या पगारातून वसुली होते."

मागच्या गल्लीतल्या एका वहिनींनी हे वाचून अर्जाचा विचारच सोडला. सांवेर रोडवरच्या औषधांच्या कारखान्यात त्या सहा वर्षं पॅकिंगला होत्या. एक लाइन बंद झाली आणि बाराजणींना घरी बसवलं. यजमान शाळेची बस चालवतात, त्यांचा पगार सुरू आहे. "उगाच त्यांच्या नोकरीवर बालंट नको," असं म्हणून त्या गप्प बसल्या. मी बावीस वर्षं एका कारखान्यात पगारपत्रकं केली, ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, चलनं भरली. या मेसेजमुळे हक्काचा पैसा बुडताना मला पाहवत नाही, म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासते.

पहिलं वाक्य नवऱ्याच्या कमाईचं. ते साफ चूक आहे. कर्मचारी राज्य विमा निगमाच्या या योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ पासून ती सुरू झाली. नावात 'बीमित व्यक्ती' आहे, 'बीमित कुटुंब' नाही. अटी बघा. नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं तुमचा विमा असावा. शेवटच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचं अंशदान जमा असावं, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी निदान एकात तेवढंच. (अंशदान म्हणजे दर महिन्याला भरला जाणारा विम्याचा हप्ता. अंशदान काळ म्हणजे सहा महिने: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च.) गैरवर्तनाबद्दल काढलेलं नसावं, निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती नसावी. या सगळ्या अटी एकाच माणसाच्या नोकरीबद्दल आहेत. घरात आणखी कोण किती कमावतं, हे त्यांत कुठेच विचारलेलं नाही.

रक्कम कशी काढतात ते पाहिलं की शंकाच उरत नाही. मागच्या चार अंशदान काळांतली तुमची एकूण कमाई घ्यायची, तिला ७३० ने, म्हणजे दोन वर्षांच्या दिवसांनी, भागायचं, जे येईल त्याचं निम्मं म्हणजे एका दिवसाचा भत्ता. आयुष्यभरात जास्तीत जास्त ९० दिवस. आधी हे प्रमाण २५ टक्के होतं, २४ मार्च २०२० पासून ते ५० टक्के झालं. वहिनींचा पगार महिना १५,००० धरा. दोन वर्षांचे ३,६०,०००, भागिले ७३०, म्हणजे दिवसाला ४९३ रुपये. निम्मे झाले साधारण २४६, आणि ९० दिवसांचे सुमारे २२ हजार. या हिशेबात बसच्या ड्रायव्हरचा पगार कुठे मांडणार? त्याला जागाच नाही.

आणि हे पैसे काही खैरात नव्हेत. १५,००० पगार असला की दर महिन्याला पाऊण टक्का, म्हणजे ११३ रुपये वहिनींच्या हातात पडण्याआधीच कटत होते. मालक त्यावर सव्वातीन टक्के, म्हणजे ४८८ रुपये भरत होता. पगारातून कापताना 'घरी कोण कमावतं' असं कुणी विचारलं नव्हतं.

आपल्या इंदूरला हे वेगळं समजवावं लागू नये. इथली हुकुमचंद कापड मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी मोकळे व्हायला २५ डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षांत त्या कामगारांची मुलं मोठी झाली, कमवायला लागली, काही कामगार तर ते पैसे बघायला उरलेच नाहीत. तरी मुलगा कमावतो म्हणून बापाचं देणं फिटलं, असं कुणी म्हणालं नाही. वहिनींच्या बाबतीत तेच म्हणायला लोकांची जीभ कशी धजावते, याचा मला खरंच राग येतो.

गैरसमज कुठून आला असावा याचा मी विचार केला. आपल्याकडे मध्य प्रदेशात बायकांना दरमहा पैसे देणाऱ्या लाडली बहना योजनेत कुटुंबाचं उत्पन्न बघतात. वर्षाला अडीच लाखांची मर्यादा आहे, घरात कुणी आयकर भरत असेल तर नाव बसत नाही, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अवलंबून असलेली मुलं. तिथे नवऱ्याच्या कमाईने फरक पडतो, कारण तो पैसा सरकारी तिजोरीतून गरज पाहून दिला जातो. विम्याचा पैसा अंशदान पाहून मिळतो. ब्रिटनमध्येही हेच दोन प्रकार आहेत: तिथल्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये जोडीदाराची कमाई धरतात, पण अंशदानावर मिळणाऱ्या जॉबसीकर्स अलाउन्समध्ये धरत नाहीत. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांच्या कानावर यातलं अर्धंच आलं असेल.

कंपनीच्या सहीची गोष्ट एके काळी खरी होती, अर्ज मालकामार्फत जायचा. २०२० पासून विमाधारक स्वतः थेट शाखा कार्यालयात अर्ज देऊ शकतो, ऑनलाइनही. आधार आणि बँक खात्याचा तपशील लागतो. नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबावं लागायचं, ते ३० दिवसांवर आलं. योजनेची मुदत मात्र वेळोवेळी वाढवली जाते, तेव्हा नंदा नगरच्या ईएसआय कार्यालयात किंवा जवळच्या शाखेत आधी चौकशी करा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्टही सांगते, कारण ती घरात दोघं नोकरीला असतील तर कामाची आहे. नवऱ्याचा पगार २१,००० पर्यंत असेल आणि त्याचा ईएसआय कटत असेल, तर बायको त्याच्या कुटुंबात धरली जाते. मुलांना 'अवलंबून असलेली' ही अट आहे, बायकोला ती नाही. तिची नोकरी गेली तरी त्याच्या कार्डावर तिला दवाखाना मिळतो. म्हणजे नवऱ्याच्या नोकरीने तिचं नुकसान होत नाही, उलट तिला आधारच मिळतो.

राहिली वसुली. ती होऊ शकते, पण खोटं सांगणाऱ्याकडून. भत्ता घेत असताना तुम्ही स्वतः दुसरी नोकरी धरली आणि लपवली, तर तो पैसा परत द्यावा लागेल आणि कारवाईही होईल. नवऱ्याची नोकरी लपवायचं कारणच नाही, कारण ती कुणी विचारत नाही.

परवा वहिनींबरोबर बसून मोबाइलवर अर्ज भरला. बँकेच्या पासबुकात त्यांचं नाव माहेरच्या आडनावाने होतं, आधारवर सासरच्या. आज त्या बँकेत नाव दुरुस्त करायला गेल्या आहेत. पीथमपूरच्या एका कारखान्यातून त्यांना बोलावणंही आलंय, पुढच्या सोमवारी. तिथे रुजू झाल्या तर त्या दिवशीच शाखेत कळवायचं, हे मी त्यांच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय.