‘एसी केबिन’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘एक वाचक, नागपूर’ या नावानं आलेली आपली प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वाडीच्या गोडाऊनमधल्या आमच्या डिस्पॅच टीममध्ये सगळ्यात जास्त पेट्या काढणाऱ्या माणसाला या तिमाहीचा इन्सेंटिव्ह अर्धाच दिला, कारण त्याच्या वागण्यानं बाकीच्यांचं काम अडत होतं, असं मी लिहिलं होतं. त्यावर आपण लिहिता, ‘आकडे चांगले असताना पैसे कापणं म्हणजे चमच्यांना बक्षीस. निकष आधी सांगितले होते का? वृत्ती कोण मोजणार, तुम्ही? एसी केबिनमध्ये बसून असं लिहायला काय जातं!’

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ही काय बोलायची रीत झाली, भाऊ?

निकषांचं आधी सांगतो. ते तिमाही सुरू होतानाच फळ्यावर लावायला हवेत, हे आपलं म्हणणं रास्त आहे. जुलैपासून लावू.

आता एसी केबिन. माझी नोकरी सुरू झाली पत्र्याच्या शेडमध्ये चलान लिहिण्यापासून. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर जातो तेव्हा पत्र्याखाली दुपारी दोन वाजता उभं राहून बघा एकदा. कूलर एकच, आणि त्याचं तोंड साहेबाच्या टेबलाकडे. रात्री ट्रक लागला आणि हमाल कमी पडले की आम्ही क्लार्क मंडळीच पेट्या उचलायचो. घरी गेल्यावर आई पाठीला तेल लावून द्यायची. आज माझ्या खोलीत एसी आहे, खोटं कशाला बोलू? सर्व्हर तापतो म्हणून बसवला आहे तो. पण प्लायवूडच्या त्या खोलीचं दार दिवसभर उघडंच असतं, कारण दर पाच मिनिटांनी कुणीतरी बिलटी नाहीतर ई-वे बिल घेऊन आत येतो. यालाच आपण ‘केबिन’ म्हणत असाल तर म्हणा बापा.

आणि त्या पत्र्याच्या शेडमध्येच (मालकाचं नाव लिहीत नाही) मी निव्वळ आकड्यावर बक्षीस देण्याचा प्रकार जवळून पाहिला. ज्याच्या पेट्या जास्त, त्याला पाकीट. मग काय व्हायचं? जुनी माणसं गेटजवळचा हलका माल आधी उचलायची, बिस्किटं, नमकीन. मागच्या रॅकवरचे तेलाचे डबे नवीन पोट्ट्यांच्या गळ्यात. कुठला माल कुठल्या रॅकला आहे, हे विचारलं तर ‘शोध ना बे’. पाकीट घेणाऱ्याचा आकडा खरा होता, त्यात खोट नव्हती. पण तो दुसऱ्याच्या घामावर उभा होता, आणि महिनाअखेर शॉर्टेज निघाली की ती त्या पोट्ट्यांच्या नावावर. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. त्यांच्या चलानांवर माझंच अक्षर असायचं.

आमचा हा गडीही नेमकं हेच करत होता. सुपरवायझरनं समजावलं, मी समजावलं. ‘माझा आकडा बघा’ हे एकच उत्तर. बघितला ना! त्याच्या शिफ्टला नवीन मुलं टिकत नाहीत, हाही आकडाच आहे.

‘पैसे कापणं’ हा शब्द तर आपण बेधडक ठोकून दिला. त्याचा पगार कापला नाही, कायद्याचा बोनसही कापला नाही. 1965 च्या बोनस कायद्यात किमान 8.33 टक्के ठरलेले होते, आता त्याच्या जागी आलेल्या 2019 च्या वेतन संहितेतही तेच. तो बोनस नाकारायचा तर चोरी, अफरातफर किंवा कामाच्या जागी हाणामारी अशी कारणं लागतात. तोंडाळपणा त्यात बसत नाही, हे मलाही कळतं. अर्धा राहिला तो त्यावरचा इन्सेंटिव्ह, कंपनीनं खुशीनं दिलेला. एवढा फरक समजून न घेता शिकवायला निघालात, याचं नवल वाटलं.

माणसांना एकमेकांविरुद्ध रांगेत उभं करून बक्षीस वाटायची पद्धत मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनं 2013 मध्ये मोडीत काढली. आता त्यांनाही लिहा, एसी केबिन म्हणून.

राहिलं ‘वृत्ती कोण मोजणार’. रोज सोबत काम करणाऱ्याला ते दिसतं. त्याला फूटपट्टी लागत नाही. यावर मी आणखी काही लिहिणार नाही.

पण ‘चमचे’ हा शब्द मात्र मला लागला. मला काय म्हणायचं ते म्हणा, अंगाची कातडी जाड झाली आहे. ज्यांना आपण चमचे म्हणालात त्यातली दोन पोरं हिंगण्याहून सायकलनं येतात, रात्रीचा ट्रक रिकामा करून जातात, आणि हा ब्लॉग वाचतात. त्यांना काही सांगायचं असेल तर खाली लिहा, या वेळी स्वतःच्या नावानं. मी ते उडवणार नाही.