नवाचा ताळा आपल्याच चुकांपाशी आंधळा होतो

‘परत एकदा करून बघ’ हा हिशेब तपासण्याचा सगळ्यात वाईट सल्ला, असं माझं स्पष्ट मत आहे. जीभ एकदा ‘सात आणि आठ चौदा’ म्हणून गेली की त्याच वाटेनं परत गेल्यावरही चौदाच म्हणते. वाट बदला. बेरीज वरून खाली केली असेल तर खालून वर करा, म्हणजे जोड्या बदलतात. वजाबाकी मिळवून पाहा. भागाकारात भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी एवढं भाज्य यायला हवं. हे शाळेत झालेलंच असतं. खरा घोळ गुणाकारात होतो.

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद घ्या. ३८ क्विंटल, दर १४,६५० (आकडे समजण्यापुरते). उत्तर ५,५६,७००. आधी अंदाज: ४० गुणिले १५ हजार, सहा लाख. दोन्ही आकडे वाढवून धरलेत, म्हणजे उत्तर त्याच्या थोडं आत हवं. शून्य कमीजास्त झालं असेल तर इथेच कळतं.

मग नवाचा ताळा: प्रत्येक आकड्याच्या अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करायची आणि त्या अंकांचा गुणाकार उत्तराच्या अंकाशी जुळतो का ते बघायचं. १४,६५० च्या अंकांची बेरीज १६, म्हणजे ७. ३८ ची ११, म्हणजे २. सात दुणे चौदा, म्हणजे ५. उत्तराच्या अंकांची बेरीज २३, म्हणजे ५. जमला! १०, १००, १००० यांना नवानं भागलं की बाकी १ च उरते, म्हणून अंकांची नुसती बेरीज पुरते.

आणि नेमका इथेच तो फसतो. अंकाची जागा बदलली तरी त्याला पत्ता लागत नाही. ५,५६,७०० ऐवजी ५,६५,७०० लिहा, ताळा ५ च. गुणाकारात तिनाची ओळ एक घर डावीकडे सरकवायची राहिली तर उत्तर १,६१,१५० येतं; ताळा तरीही ५. शून्याच्या जागी ९ पडला तरी तो गप्प.

आपण मराठी माणसं अंकांची अदलाबदल जरा जास्तच करतो, असं मला वाटतं. ‘सत्तेचाळीस’ ऐकताना सात आधी कानावर पडतो आणि लिहायचा असतो शेवटी. घाईत ४७ चे ७४ होतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! जुनी नावं मलाही प्रिय आहेत, पण ती वापरायची तर अकराचा ताळा यायलाच हवा.

तो असा: एककापासून डावीकडे एक अंक मिळवा, पुढचा वजा करा. १४,६५० साठी ०−५+६−४+१ = −२; उणे आलं की ११ मिळवा, ९. ३८ साठी ८−३ = ५. नऊ पाचे पंचेचाळीस, त्यातून ४४ गेले, १ उरला. उत्तर: ०−०+७−६+५−५ = १. जमला. अदलाबदलीच्या ५,६५,७०० ला ३ येतात आणि न सरकवलेल्या १,६१,१५० ला ०. दोन्ही चुका हाती. एकच काळजी घ्या: शेवटचं शून्य गाळू नका, चिन्ह उलटं होतं. नवाला ते चालतं, अकराला नाही.

रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची वही) जुळत नसेल तर मात्र बेरजा मारत बसण्याआधी फरकाचा आकडा नीट बघा. १०, १०० असा सुटा फरक असेल तर हातचा राहिलाय. फरकाएवढीच नोंद वहीत सापडली तर ती कुठेतरी सुटलीय किंवा दोनदा पडलीय. फरक सम असेल तर निम्मा करून शोधा: १,२४० चा फरक म्हणजे ६२० ची जमेची रक्कम नावे (खर्चाच्या बाजूला) पडलेली असू शकते. नवानं भाग गेला तर अदलाबदल किंवा शून्याची चूक असू शकते. १८० भागिले ९ म्हणजे २०: दशक-शतकाचे शेजारी अंक उलटलेत आणि त्यांच्यात दोनाचा फरक आहे, जसं ७,४६० चे ७,६४०. ४०५ भागिले ९ म्हणजे ४५: बहुतेक ४५० ऐवजी ४५ लिहिलेत.

टक्केवारीनं काढून रुपयात बसवलेल्या रकमेला यातला कुठलाही ताळा लावू नका, तो बहुतेक चुकतोच; पैसे सोडण्याआधीच्या आकड्याला लावा. आणि ताळ्यासाठी आकडे मूळ पट्टीवरून (विक्रीच्या हिशेबाच्या कागदावरून) घ्या. वहीत उतरवतानाच ४७ चे ७४ झाले असतील, तर वहीतला गुणाकार नवालाही जमतो आणि अकरालाही.