खुलासा : मार्शमॅलोवरून मुलाचं भविष्य कळत नाही

‘समोर मार्शमॅलो (मऊ, गोड मिठाई) ठेवून, थांबलास तर दुसरीही देऊ असं सांगितल्यावर चार वर्षांचं मूल ती न खाता १५ मिनिटं थांबलं, तर ते आयुष्यात यशस्वी होणारच’ हा व्हॉट्सअॅपवर फिरणारा दावा अर्धवट आहे. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचे मूळ प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत झाले. तिथली बरीच मुलं विद्यापीठातल्याच घरांतली होती आणि पुढे ज्यांचे परीक्षेतले गुण तपासले ती तर मोजकीच. २०१८ मध्ये ९००हून अधिक मुलांवर पडताळणी झाली. थांबणं आणि पुढचे गुण यांतला संबंध निम्म्यावर आला. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर जेमतेम उरला.

मूल थांबतं ते भरवशावर. २०१३च्या एका प्रयोगात संशोधक ‘चांगले रंग आणते’ म्हणून गेली आणि काही मुलांकडे रिकाम्या हाताने परतली. ती मुलं नंतर मार्शमॅलोसमोर सरासरी ३ मिनिटं थांबली; ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती १२. (‘उद्या आणते हं’ म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

संयम बिनमहत्त्वाचा, असं मात्र नाही. पण तो एका चाचणीत मोजून होत नाही आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘हात लावू नको’ सांगून खाऊ समोर ठेवू नका, डबा फडताळात टाका. मिशेल यांच्याच प्रयोगात खाऊ नजरेआड असताना मुलं कितीतरी जास्त थांबली होती.