खिशाला सोसेल असा चाकू

माझ्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेवरची कॅप गेल्या वैशाखात तुटली. ती चिक्की किंवा कडक लाडू खाताना तुटली असती, तर निदान चारचौघांत सांगायला तरी बरे वाटले असते. ती तुटली कुरिअरच्या पाकिटाची चिकटपट्टी सोडवताना. दंतवैद्यांनी नवी कॅप बसवता बसवता, म्हणजे मला उलट बोलणे शक्य नसताना, "दात म्हणजे हत्यार नव्हे" असे दोनदा सुनावले. वास्तविक गेली पन्नास वर्षे दुधाची पिशवी, फरसाणाचे पाकीट आणि नव्या सदऱ्याला किमतीची चिठ्ठी अडकवणारा प्लास्टिकचा दोरा हे सगळे मी दातांवरच निभावत आलो होतो, आणि दात हरले तिथे स्कूटरची किल्ली धावून येत असे. बिल हातात पडल्यावर मात्र, खिशात एक बरासा चाकू बाळगणे दातांपेक्षा स्वस्त पडेल, असा हिशेब मी जिना उतरता उतरता मांडला.

आमच्या आजोबांना हा प्रश्न कधी पडला नाही. त्यांच्या कमरेला चंची असे आणि चंचीत अडकित्ता. त्याने सुपारी कातरली जाई, पण बियाण्याच्या पोत्याची सुतळीही त्यानेच तुटे. तो विकत घेताना त्यांनी दोनदा उघडून मिटून त्याचा आवाज ऐकला होता, एवढीच काय ती निवड. कोकणातल्या आमच्या मामांच्या कमरेला मागच्या बाजूस लाकडी आकडी आणि तिच्यात कोयती असे. तशा थाटात ते एसटीत चढत आणि कंडक्टर त्यांच्याकडे मागे ते फक्त सुटे पैसे.

मी मात्र भाच्याला विचारले. "मामा, तुला ईडीसी पाहिजे," तो म्हणाला. रोज अंगावर बाळगायच्या वस्तूंना हल्ली असे म्हणतात, हे मला त्याच्याकडून कळले. मूठ तीन बोटी हवी की चार बोटी, पाते कुलपाचे हवे की बिनकुलपाचे, पोलाद गंजणारे चालेल की नाही, असे त्याने इतके प्रश्न विचारले, की मुलगी पाहायला जातानाही मला एवढी चौकशी करावी लागली नव्हती. माझ्या अटी साध्या होत्या: उघडताना बोट कापू नये, मिटताना बोट कापू नये आणि उरलेला दिवसभर तो खिशात आहे हे मला कळू नये. यावर तो गंभीर झाला आणि शेवटची अट सगळ्यांत अवघड असल्याचे म्हणाला.

पहिला चाकू त्याच्याच पसंतीचा होता. पाते साडेतीन इंच, मूठ चार बोटांत अशी भरे, की दुकानात मी तो हातातून खाली ठेवीना. परंतु चाकू हातात राहतो दिवसाकाठी वीस सेकंद आणि खिशात राहतो चौदा तास, आणि त्या चौदा तासांबद्दल मांडीला कोणीच विचारलेले नसते. त्याच्या क्लिपने आठवड्याभरात दोन विजारींच्या खिशांची शिवण उसवली. हेही मी सोसले असते. पण कचेरीत एका सहकारी बाईंच्या वाढदिवसाचा केक आला, त्यासोबतचा प्लास्टिकचा चाकू सापडेना, आणि मी मोठ्या उत्साहाने पुढे झालो. या जातीच्या चाकूत पाते पूर्ण उघडले, की मुठीतली एक पोलादी पट्टी सरकून त्याच्या बुडाशी टेकते, म्हणजे ते अवचित बोटावर मिटत नाही. ही सगळी व्यवस्था सुरक्षिततेसाठी असते, पण ती खट् असा आवाज करते, आणि रामपूरच्या चाकूने हिंदी सिनेमात इतकी वर्षे इतके काम केले आहे, की तो आवाज ऐकून माणसे आपोआप भिंतीला टेकतात. बाई दोन पावले मागे सरकल्या. हिशेबनिसाने माझे तीन महिने अडवलेले प्रवासभत्त्याचे बिल त्याच दुपारी मंजूर केले.

त्या रात्री मी वकील मित्राला फोन केला. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, त्यातूनही घरकामाचे आणि शेतीचे वगळलेले आहेत, तेव्हा तुझ्या साडेतीन इंचांची यादीला ओळखसुद्धा नाही, असे त्याने सांगितले. मला हायसे वाटणार, एवढ्यात त्याने पुस्ती जोडली, की सणासुदीच्या दिवसांत पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, त्यांत सुरे असतात, लाठ्या असतात आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू असते.

"म्हणजे छत्रीसुद्धा?" मी विचारले.

"ती तू कशी धरतोस, यावर आहे," तो म्हणाला.

मग मी धाक न वाटणाऱ्या चाकूकडे वळलो. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात जोसेफ ओपिनेल नावाच्या लोहारपुत्राने १८९० मध्ये लाकडी मुठीचा एक साधा चाकू घडवला. पुढे १९५५ मध्ये त्याला पाते अडवणारी फिरती कडी आली, आणि शेतकऱ्याच्या खिशातला हा चाकू आजही जवळपास तसाच आहे. त्या धर्तीचा एक चाकू मी मागवला. त्याची मूठ लाटण्याच्या टोकासारखी गोल, हलकी आणि कुणालाही आपल्या घरातली वाटावी अशी होती. ज्येष्ठात त्याने आंबे चिरले. आषाढात पुण्यातल्या पावसात लाकूड फुगले, आणि मुठीने पाते असे आवळून धरले, की तो चाकू उघडण्यासाठी दुसरा चाकू लागला. कोपऱ्यावरच्या धारवाल्याने सायकलचे चाक थांबवून तो उलटसुलट पाहिला, पाट्यावर दोनदा आपटला आणि "साहेब, दिवाळीला आपोआप उघडेल" असे सांगून एकही पैसा घेतला नाही.

तिसरा चाकू लाल. स्वित्झर्लंडमधल्या ईबाखच्या कार्ल एल्सनर यांनी १२ जून १८९७ रोजी ज्याची नोंदणी केली, त्या लष्करी अधिकाऱ्यांच्या चाकूच्या वंशातला, ९१ मिलिमीटर लांबीचा. साध्या शिपायांच्या चाकूत डबा उघडण्याची आणि बंदूक खोलण्याची सोय आधीच होती. अधिकाऱ्यांसाठी त्यात बाटलीचे बूच काढायचा स्क्रू वाढवण्यात आला, यावरून कोणत्याही कचेरीतली कामाची वाटणी किती जुनी आहे, हे लक्षात येते. माझ्या चाकूत करवतही होती. सदाशिव पेठेत करवतीने काय कापावे, हे मला अखेरपर्यंत सुचले नाही, आणि तो जाडजूड ऐवज खिशात ठेवून रिक्षात बसले, की प्रत्येक खड्ड्याला सगळी अवजारे एकदम मांडीला भेटत. शिवाय त्याचे पाते उघडायला नख लागते. पात्याच्या पाठीवर नखासाठी एक बारीक खाच असते, तिच्यात नख रुतवून ओढायचे. माझी नखे मी दातांनी कुरतडत असल्यामुळे खाच तिकडे आणि मी इकडे, अशी स्थिती झाली. आईला उघडून दे म्हटले, तर तिने तो हातात घेतला नाही. सुरी हातात दिली की भांडण होते, म्हणून आधी तो जमिनीवर ठेवायला लावला, मग उचलला, उघडला, पुन्हा जमिनीवर ठेवला, आणि त्यानंतर नखे कुरतडण्यावरून व्हायचे ते भांडण झालेच.

चौथा चाकू ५८ मिलिमीटरचा, वीसेक ग्रॅमचा. पाते जेमतेम दीड इंच, सोबत बोटभर कात्री आणि एक दातकोरणे. हा खिशात असल्याचे मला खरोखरच कळत नसे, आणि म्हणून तो दोनदा धुलाई यंत्रातून फिरून आला. त्याने पेरू निम्माच कापला जाई आणि उरलेला मोडून घ्यावा लागे, पण कुरिअरच्या पट्टीवर तो असा सरसर चाले, की भाद्रपदात मी विनाकारण वस्तू मागवू लागलो.

खंडेनवमीला आईने घरातली हत्यारे मागितली. पाटावर विळी, पक्कड, हातोडी, तिची शिवणाची कात्री आणि एका रांगेत माझे चारही चाकू मांडले गेले. ओल्या बोटाने हळदकुंकू लावताना तिने धाकट्यावर जरा जास्तच अक्षता वाहिल्या, आणि तांदळाचा एक दाणा त्याच्या कात्रीच्या स्प्रिंगखाली जाऊन बसला. तो काढायला मी हात पुढे करताच तिने हातावर चापट मारली. पुजलेली हत्यारे त्या दिवशी चालवायची नसतात.

साडेअकराला बेल वाजली. कुरिअर होते, चारही बाजूंनी रुंद पट्टी मारलेले. मी खुंटीकडे पाहिले. स्कूटरचीही पूजा झालेली असल्यामुळे तिची किल्ली हार घालून पाटावरच बसली होती. आई नैवेद्याचे पाहायला आत गेल्याची खात्री करून मी जिन्याच्या वळणावर आलो आणि पाकिटाचा कोपरा डाव्या दाढेखाली धरला, कारण उजवीकडची कॅप अजून नवी होती.